चिमूट कोणाच्या हातात? ‘पिंच ऑफ सॉल्ट’चा अर्थ आणि वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरीतल्या एका मालवाहतुकीच्या ऑफिसात लंडनहून मेल आला, ‘प्लीज टेक द सप्लायर्स डेट्स विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ मेल वाचणाऱ्याने साहेबांना सांगितलं, ‘सप्लायरच्या तारखा थोड्या ॲडजस्ट करून घ्या म्हणतायत.’ साहेबांनी १२ तारखेची १४ केली आणि गिऱ्हाइकाला कळवूनही टाकली. आता शंका आलीय की अर्थच चुकला. नेमका अर्थ काय, आपण हा वाक्प्रचार कधी वापरावा आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

अर्थ चुकलाच. ‘टेक समथिंग विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ म्हणजे ऐकून घ्या, पण त्यावर पूर्ण भरवसा टाकू नका. तारखा बदलायला लंडनने सांगितलेलंच नव्हतं. सप्लायर जी तारीख देतोय ती पक्की धरू नका, एवढाच निरोप होता. ‘ॲडजस्ट करा’ म्हटलं की माणूस १२ ची १४ करतो आणि मग १४ पक्की समजून निवांत होतो. मूळ निरोपाप्रमाणे १२ कच्ची होती, आणि तिच्यात दोन दिवस मिळवून काढलेली १४ सुद्धा कच्चीच.

घोटाळा बहुतेक ‘चिमूट’ या शब्दाने केला. चिमूटभर म्हणजे थोडंसं, म्हणून वाक्यातही काहीतरी ‘थोडंसं’ करायचं असणार, असा मराठी कानाचा हिशेब. पण इथली चिमूट हे बदलाचं माप नाही. समोर वाढलेला घास तसाच्या तसा गिळू नका, वरून थोडं मीठ घेऊन मग खा, असं ते चित्र आहे. घास म्हणजे बातमी, दावा, अंदाज. मीठ म्हणजे तुमचा संशय.

हा संशय किती, ते मुंबईकराला सांगायला घराच्या जाहिरातीइतकं सोपं उदाहरण नाही. ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ असं ब्रोकर सांगतो. ती ५ मिनिटं अगदीच खोटी नसतात. पहाटे साडेपाचला, रिक्षाने, सगळे सिग्नल हिरवे मिळाले तर ती ५ मिनिटंच असतात. म्हणजे स्टेशन आहे, घर आहे, दोन्ही एकाच दिशेला आहेत, माहितीत दम आहे, पण सांगणाऱ्याला घर खपवायचंय. अशा वेळी इंग्रज म्हणेल, ‘आय वुड टेक दॅट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ तो घर नाकारत नाही, ब्रोकरला खोटारडाही म्हणत नाही. एक दिवस संध्याकाळी सात वाजता स्वतः चालून बघतो.

याउलट ‘तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली आहे, लिंकवर क्लिक करा’ या मेसेजला हा वाक्प्रचार लावू नये. तिथे थोडंसंही खरं नाही, तो सरळ डिलीट करायचा. दुसऱ्या टोकाला, बँकेतून चेक परत आला असेल तर ती घडलेली गोष्ट आहे, तिच्यावर मीठ टाकायला जागाच नाही. ज्यात खरं आणि फुगवलेलं मिसळलेलं असू शकतं, किंवा सांगणाऱ्याचा काही स्वार्थ असतो, किंवा त्याला स्वतःलाच नीट ठाऊक नसतं, अशा मधल्या पट्ट्यासाठी हे शब्द आहेत. अंदाज, अफवा, सर्व्हे, ऑनलाइन रिव्ह्यू, शेअरबाजारातली टीप, पाहुण्याने सांगितलेलं मुलाच्या पगाराचं पॅकेज. हुकूम, विनंती किंवा कायद्याचं कलम या पट्ट्यात येत नाही. ‘साहेबांची ऑर्डर विथ अ पिंच ऑफ सॉल्ट घ्या’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, ऑर्डर पाळू नका म्हणतोय.

मिठाचं प्रमाण वाढलं की संशय वाढतो. ‘अ लार्ज पिंच’, ‘अ हेल्दी पिंच’ ही रूपं सर्रास चालतात, आणि थट्टेने कोणी अख्खी गोणीही आणतं. पण नुसती ‘पिंच’ म्हणजे संशय थोडाच आहे, असं समजू नका. ब्रिटिश माणसाची बोलण्याची रीत कमी तीव्र शब्द वापरण्याची असते. लंडनच्या मेलमधली साधी चिमूट कित्येकदा ‘या सप्लायरने मागेही तारखा पाळलेल्या नाहीत’ इतकी जड असते. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा उलट मेल करून विचारावं, किती दिवस धरून चालू?

अमेरिकेतून मेल आला तर तिथे बहुधा ‘ग्रेन ऑफ सॉल्ट’ दिसेल, म्हणजे मिठाचा कण. अर्थ तोच, फरक देशाचा. ब्रिटनमध्ये चिमूट, अमेरिकेत कण. भारतातल्या ऑफिसांत दोन्ही चालतात. एकाच रिपोर्टमध्ये मात्र दोन्ही वापरू नयेत, वाचणाऱ्याला उगाच वाटतं की काही वेगळं सांगायचंय.

आता मराठी माणसाची खरी अडचण. आपल्या भाषेत मीठ भरपूर आहे, पण ते भलत्याच हातात आहे. इंग्रजी वाक्प्रचारात मीठ ऐकणारा घालतो, स्वतःच्या बचावासाठी. मराठीत ‘तिखटमीठ लावून सांगणं’ असतं, तिथे मीठ सांगणारा घालतो, गोष्ट चटकदार करण्यासाठी. थोडक्यात, जिथे सांगणाऱ्याने मराठी मीठ लावलंय, तिथेच ऐकणाऱ्याने इंग्रजी मीठ घ्यायचं असतं. मीठ दोन्हीकडे आहे म्हणून दोन्ही एकच समजलं तर वाक्य उलटं पडतं.

आणि ते पडतं. ‘ही ॲडेड अ पिंच ऑफ सॉल्ट टू द स्टोरी’ असं वाक्य इथल्या ऑफिसांत ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात ‘त्याने तिखटमीठ लावलं’ असतं. इंग्रजी ऐकणाऱ्याला त्यातून काहीच नीट कळत नाही. तिखटमिठासाठी इंग्रजीत ‘स्पाइस’ आहे, ‘ही स्पाइस्ड अप द स्टोरी’, किंवा सरळ ‘ही एक्झॅजरेटेड’. मीठ त्या कामाला येत नाही.

अमेरिकन कणाचं भाषांतर तर आणखी धोक्याचं. मराठीत ‘मिठाचा खडा’ म्हटलं की तो दुधात पडतो आणि सगळं नासतं. ‘मिठाच्या खड्यासह घ्या’ असं कोणी लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, चांगल्या कामात काहीतरी बिघाड झालाय. शिवाय मीठ ‘घेणं’ किंवा ‘खाणं’ म्हटलं की आपल्याला आधी खाल्ल्या मिठाला जागणं आठवतं, म्हणजे इमान. विश्वास ठेवू नका असं सांगणारं इंग्रजी मीठ मराठीत शब्दशः आणलं की निष्ठेच्या खात्यात जाऊन बसतं. जखमेवर मीठ चोळणं तेवढं दोन्ही भाषांत एक आहे, बाकी मिठाचे व्यवहार वेगळे. बचाव करणारं मीठ आपल्याकडे नाहीच असं नाही, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतातच. पण ते मीठ बोलण्यात उतरलेलं नाही.

गंमत म्हणजे इंग्रजी वाक्प्रचाराच्या मुळाशीही असंच एक राखण करणारं मीठ दाखवतात. रोमन लेखक थोरला प्लिनी याने इसवी सन ७७ च्या सुमारास लिहिलेल्या निसर्गविषयक ग्रंथात विषावरचा एक उतारा दिलाय. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याला हरवल्यावर रोमन सेनापती पॉम्पेला राजाच्या खासगी कपाटात राजाच्याच हस्ताक्षरातली कृती सापडली, असं प्लिनी सांगतो. २ सुके अक्रोड, २ अंजीर आणि सतापीची २० पानं एकत्र वाटायची, त्यात मिठाचा एक कण घालायचा. हे उपाशीपोटी घेतलं की त्या दिवशी कुठलंही विष बाधत नाही म्हणे.

इंटरनेटवर वाक्प्रचाराचा उगम म्हणून हीच गोष्ट ठोकून दिलेली असते. ती वाचताना एक बघा, प्लिनीच्या कृतीत अविश्वासाचा मागमूस नाही. मीठ हा तिथे फक्त एक घटक आहे, अक्रोडासारखाच. ‘मिठाच्या कणासकट घ्या’ म्हणजे ‘संशयाने ऐका’ हा अर्थ इंग्रजीत दिसतो तो पार सतराव्या शतकात, आणि चिमटीचं रूप त्याहून बरंच अलीकडचं. मधल्या सोळाशे वर्षांचा धागा सलग जुळत नाही. उताऱ्यातल्या मिठाने विष पचतं, तसं संशयाच्या मिठाने थाप पचते, अशी जोड लोकांनी नंतर लावली असणं शक्य आहे. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, म्हणून ‘सॅलरी’ हा शब्द आला, हीसुद्धा तशीच गोष्ट. लॅटिन ‘सालारिउम’चं नातं मिठाच्या शब्दाशी आहे हे खरं, पण सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवत असत याला त्या काळचा पुरावा नाही. ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये या दोन्ही गोष्टी घालायच्या असतील तर ‘असं सांगतात’ एवढं जोडा.

वापराकडे येऊ, कारण मराठी बोलणारे घसरतात ते इथे. पहिली चूक ‘अ’ गाळण्याची. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ‘टेक इट विथ पिंच ऑफ सॉल्ट’ सहज तोंडून जातं. ‘अ’ हवाच. ‘सॉल्ट’चं अनेकवचन करायचं नाही, ‘सॉल्ट्स’ म्हटलं की केमिस्टच्या दुकानातल्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. ‘द सॉल्ट’ही नाही. शब्दांचा क्रमही ठरलेला आहे. आधी ज्यावर शंका आहे ती गोष्ट, मग मीठ: ‘टेक हिज नंबर्स विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ ‘टेक अ पिंच ऑफ सॉल्ट विथ हिज नंबर्स’ म्हटलं तर समजेल, पण ऐकणारा मनात हसेल. गोष्टीचं नाव लांबलचक असेल तर कर्मणी रूप बरं पडतं, ‘दीज फिगर्स शुड बी टेकन विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’, इंग्रजी बातम्यांत बहुतेकदा हेच दिसतं. ‘टेक’चं भूतकाळी ‘टुक’ होतं, बाकी सांगाडा हलत नाही. माणसाचं नाव थेट घालण्यापेक्षा ‘व्हॉट ही सेज’ घालावं. त्यामुळे शंका त्याच्या बोलण्यावर राहते, माणसावर जात नाही.

व्याकरणापेक्षा महाग पडते ती जागेची चूक. हा वाक्प्रचार समोरच्याच्या तोंडावर त्याच्याच बोलण्याबद्दल वापरला तर अपमान होतो. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, माल शुक्रवारी सुटेल, आणि तुम्ही म्हणालात, ‘आय विल टेक दॅट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट, सर.’ हसत म्हटलंत तरी अर्थ एकच, तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही. तिथे ‘कुड वी कन्फर्म धिस बिफोर वी कमिट टु द क्लायंट?’ असं विचारलं की काम तेच होतं आणि कोणाची मान खाली जात नाही.

तिसऱ्याबद्दल बोलताना चालतो, फक्त तो तिसरा सीसीमध्ये नाही ना हे बघून. लंडनचा तो मेल ‘रिप्लाय ऑल’ करताना सप्लायरचा पत्ता चुकून जोडला गेला तर पुढची तारीख मागायला तोंड राहणार नाही. मेल पुढे पाठवताना खालची जुनी साखळी पुसावी, कारण चिमूट बहुतेक वेळा खालीच लपलेली असते.

सगळ्यात सुरक्षित, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी वापरला जाणारा प्रकार म्हणजे स्वतःच्या बोलण्यावर मीठ टाकणं. ‘धिस इज ओन्ली माय रफ एस्टिमेट, सो टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ यात नम्रपणा आहे आणि पुढे आकडा चुकला तर बोट तुमच्याकडे येत नाही. वरिष्ठांना, गिऱ्हाइकाला, कोणालाही हे म्हणता येतं. मात्र स्वतःच्या प्रत्येक आकड्याला हे शेपूट लावलं तर लोक तुमचे आकडे विचारणंच सोडून देतील.

करार, टेंडर, प्रतिज्ञापत्र, क्लेमचे कागद यांत हे शब्द अजिबात नकोत. तिथे ‘प्रोव्हिजनल’ किंवा ‘सब्जेक्ट टु कन्फर्मेशन’ लिहावं. मालवाहतुकीच्या धंद्यात तर शंका आधीच कागदावर छापलेली असते. जहाज न्हावाशेव्याला कधी लागणार याला ईटीए म्हणतात, त्यातला ‘ई’ म्हणजे एस्टिमेटेड, अंदाजे. ‘ईटीए १२ तारीख’ याचं मराठी ‘१२ ला येतंय’ असं केलं की ‘ई’ गळून पडतो, आणि गोदाम, ट्रक, हमाल सगळे १२ लाच बोलावले जातात.

मराठीत काय म्हणावं, याचं एकच उत्तर देता येत नाही. ‘चिमूटभर मिठासह घ्या’ हे यंत्राच्या भाषांतरात दिसतं, कधी सबटायटलमध्येही. ते वाचून कोणालाही रेसिपी चालू आहे असंच वाटेल. कोण कोणाला सांगतंय ते बघून शब्द निवडावा लागतो.

ऑफिसात, बरोबरीच्या माणसाला: ‘त्यांच्या तारखेवर विसंबू नका.’ ‘विसंबणं’ हा या कामाचा चोख शब्द आहे, कारण यात माहिती खोटी आहे असा आरोप नाही, फक्त तिच्यावर भार टाकू नका एवढंच आहे. साहेबांना: ‘तारीख अजून पक्की नाही, सर.’ घरी, मित्रात: ‘त्याचं काय ऐकतोस, रुपयातले आठ आणे खरे धर.’ हा प्रकार ज्याची सवयच वाढवून सांगायची आहे त्याच्यासाठी, एखाद्या सर्व्हेला तो लावता येत नाही. दुसऱ्याकडून कानावर आलेल्या गोष्टीला ‘सांगोवांगीचं आहे’ पुरतं, त्यात शंका आपोआप येते.

मला स्वतःला ‘हातचं राखून’ आवडतं. बेरजेतला हातचा सगळ्यांना शाळेपासून माहीत असतो, आणि हातचं राखून बोलणं, हातचं राखून खर्च करणं रोजच्या बोलण्यात आहे. ‘त्यांच्या बोलण्यावर हातचं राखूनच विश्वास ठेवा’ म्हटलं की नेमकी छटा येते, थोडा विश्वास दिला, थोडा आपल्याकडे ठेवला. आणि राखणारा ऐकणाराच असतो, म्हणजे चिमूट पुन्हा योग्य हातात येते.

बातमी लिहिताना ‘या आकडेवारीकडे सावधपणे पाहायला हवं’ बरं. तिथे ‘या दाव्याला अधिकृत दुजोरा मिळालेला नाही’ हे वाक्य सवयीने येतं, पण ते वेगळं आहे. ती एक स्वतंत्र माहिती झाली, दुजोरा विचारला आणि मिळाला नाही, अशी. मूळ इंग्रजीत तसं नसेल तर भाषांतरकाराने आपल्या पदरची बातमी घातल्यासारखं होतं. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हणही अनेकजण इथे सुचवतात. ती सल्ल्याबद्दल आहे. तारीख किंवा आकडा खरा की फुगवलेला, याबद्दल ती काही सांगत नाही.

सबटायटलमध्ये जागा फार नसते, एका ओळीत साधारण ४० ते ४२ अक्षरं आणि अशा दोनच ओळी. तिथे ‘सगळंच खरं मानू नकोस’ बसतं आणि डोळ्यांना अडत नाही. पात्र स्वयंपाकघरात उभं राहून मिठाची बरणी हातात घेऊनच हा विनोद करत असेल तर मात्र मीठ सोडता येत नाही. तेवढ्यापुरतं ‘तिखटमीठ लावून सांगतोय तो’ असं सांगणाऱ्याच्या बाजूने फिरवावं. मूळ वाक्य ऐकणाऱ्याला सावध करतं, हे बोलणाऱ्याला उघडं पाडतं. तोटा थोडा, पण प्रेक्षक बरणीकडे बघतो आणि हसतो.

साहेबांना आज सांगायचं ते असं: ‘सर, लंडनचा निरोप मी चुकीचा सांगितला. तारखा पुढे-मागे करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सप्लायरची १२ तारीखच पक्की धरू नका, असं ते म्हणतायत. म्हणजे आपली १४ सुद्धा पक्की नाही.’ सप्लायरकडे माल कोणत्या टप्प्यावर आहे हे लेखी मागवा, नुसती नवी तारीख नको. माल तयार आहे का, पॅकिंग झालं का, जहाजावर जागा बुक झाली का, या तिन्हींची उत्तरं आली की मिठाची गरज किती ते आपोआप कळतं. गिऱ्हाइकाला गेलेल्या मेलवर आजच दुसरा पाठवा. त्यात १४ तारीख तशीच ठेवा, तिच्या पुढे ‘अपेक्षित, सप्लायरच्या लेखी खात्रीनंतर कायम’ एवढं लिहा, आणि ती खात्री कोणत्या दिवशी कळवाल तो दिवसही लिहा. त्या मेलमध्ये मिठाचं नाव नको.